राणीचा हात

पवित्र अवशेषांच्या शोधावरच्या रहस्यकथेचे एक ठरलेले गणित असते. येशूच्या शेवटच्या भोजनातला प्याला, क्रूसाचा तुकडा किंवा एखाद्या संताचे हाड शतकानुशतके हरवलेले असते. कुठल्याशा मठातल्या जुन्या कागदावर त्याचा पत्ता एका ओळीत लिहिलेला असतो. ती ओळ नायकाच्या हाती लागते, त्याच्या मागे झगेवाले लागतात, मध्ये दोन-चार खून पडतात आणि शेवटच्या पानावर पेटी उघडते. 'दा विंची कोड' २००३ साली आली आणि तेव्हापासून अशा कादंबऱ्यांचा पूरच आला. नातवंडांच्या कृपेने आमच्या घरीही चार-पाच येऊन पडल्या आणि मी त्या सगळ्या वाचल्या. बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेली आमची पिढी, रहस्यकथेला नाक कशाला मुरडेल?

पण वाचताना एक गोष्ट मात्र खटकत राहते. पेटी उघडली की कादंबरी संपते. वास्तविक खरे प्रश्न तिथून पुढे सुरू व्हायला हवेत. हे हाड त्याच माणसाचे कशावरून? ते इथे कोणी आणले, कशासाठी आणले? आणि आता ते कोणाचे?

मंडळी, अशी एक पेटी खरोखर होती. तिचा पत्ता सांगणारी ओळही होती. आणि ती पेटी दूर कुठे रोमला किंवा जेरुसलेमला नव्हती. आपल्या शेजारी, जुन्या गोव्यात होती.

जुन्या गोव्याला गेलेल्यांना बॉम जेझुसचे चर्च माहीत असते. संत फ्रान्सिस झेवियरचे शव तिथे आहे, त्यामुळे गर्दी तिथेच. तिथून जवळच एक टेकडी आहे. पोर्तुगीज तिला 'मोंते सांतो', म्हणजे पवित्र टेकडी म्हणत. या टेकडीवर जांभ्या दगडाचा एक उंच बुरूज अर्धा तुटून उभा आहे. उंची सुमारे ४६ मीटर. पावसाळ्यात त्याच्या अंगावर शेवाळ चढते आणि दुरून तो एखाद्या म्हाताऱ्या झाडासारखा दिसतो. हा संत ऑगस्टीनच्या चर्चचा घंटाबुरूज. ऑगस्टिनियन पंथाचे साधू १५७२ मध्ये गोव्यात आले आणि १६०२ पर्यंत त्यांनी हे भव्य चर्च आणि त्याला लागून मठ उभा केला. या मठात १६२७ साली एक काळ्या दगडाची पेटी ठेवली गेली. तिच्यात एका राणीच्या अस्थी होत्या, उजव्या हाताच्या.

राणीचे नाव केतेवान. ती जॉर्जियाची. अमेरिकेतला जॉर्जिया नव्हे हं! कॉकेशस पर्वताच्या कुशीतला, काळ्या समुद्राकाठचा छोटा देश. चौथ्या शतकापासून ख्रिस्ती. त्याचे दुर्दैव असे की एका बाजूला तुर्कांचे उस्मानी साम्राज्य आणि दुसऱ्या बाजूला इराणचे सफवी साम्राज्य. दोन जात्यांमध्ये सापडलेला दाणाच म्हणा ना. त्या काळी जॉर्जियाचीही तीन-चार राज्ये झाली होती. पूर्वेकडचे काखेती हे त्यातले एक, आणि केतेवान तिथल्या डेव्हिड राजाची राणी. राजा १६०२ मध्ये वारला. त्याचा भाऊ कॉन्स्टंटाईन इराणच्या दरबारात वाढला होता आणि मुसलमान झाला होता. १६०५ मध्ये त्याने स्वतःच्या बापाला आणि भावाला मारून गादी बळकावली. तेव्हा या विधवा राणीने सरदारांना एकत्र करून उठाव केला. कॉन्स्टंटाईन लढाईत पडला आणि तिचा मुलगा तेइमुराझ गादीवर आला. मला इथे आपल्या जिजाबाई आणि ताराबाई आठवतात. पण तुलना फार ताणू नये, कारण पुढची गोष्ट निराळी आहे.

इराणच्या शाह अब्बासला काखेती आपल्या मुठीत हवे होते. तेइमुराझवर त्याचा विश्वास नव्हता. त्याने ओलीस मागितले. मुलाचे राज्य वाचावे म्हणून केतेवान आपल्या नातवाला घेऊन शाहाकडे गेली. हे १६१४ च्या सुमाराचे. पुढे दुसऱ्या नातवालाही पाठवावे लागले. राज्य काही वाचले नाही. शाहाने काखेतीवर पुन्हा पुन्हा स्वाऱ्या केल्या, हजारो माणसे मारली, हजारोंना कुटुंबकबिल्यासह इराणात नेऊन वसवले. त्यांचे वंशज इराणमधल्या फेरेयदूनशहर भागात आजही जॉर्जियन भाषा बोलतात. दोन्ही नातवांना शाहाने खोजा करवले, आणि त्यांचा वंश तिथेच संपला. आजीच्या कानावर हे किती गेले असेल, ती ते कसे सोसत असेल, याचा विचारही करवत नाही.

राणी दहा वर्षे शिराझमध्ये कैदेत होती. मग शाहाचा निरोप आला, धर्म बदल. ती नाही म्हणाली. १६२४ च्या सप्टेंबरमध्ये लालबुंद तापवलेल्या सांडशींनी तिचे हाल हाल करून तिला मारण्यात आले. साठीच्या आसपासची बाई! ज्याच्या अमलाखाली हे घडले तो शिराझचा सुभेदार इमाम कुली खान स्वतः मूळचा जॉर्जियन वंशाचा होता, हेही ध्यानात ठेवावे. शाहाच्या फौजेत आणि दरबारात जॉर्जियन वंशाचे कितीतरी सरदार होते. म्हणजे हा नुसता दोन धर्मांचा झगडा नव्हता. सत्तेला पूर्ण शरणागती हवी होती आणि ती मोजायचे माप म्हणून धर्म पुढे केला होता.

आता पोर्तुगीज साधू या गोष्टीत कुठून आले? इराणच्या शाहाशी संबंध राखायला पोर्तुगीजांनी या शतकाच्या सुरुवातीपासून ऑगस्टिनियन साधूंना तिकडे पाठवले होते. त्यांचा एक मठ शिराझमध्ये होता. राणीच्या कैदेच्या शेवटच्या काळात हे साधू तिला भेटत असत. तिच्या मृत्यूचा वृत्तांत त्यांनीच लिहून ठेवला. त्यांच्यापैकी फादर आंब्रोझियो दुस आंजुस याने काही महिन्यांनी तिच्या अस्थी गुपचूप मिळवल्या आणि लपवून ठेवल्या. १६२७ मध्ये त्यातला एक भाग गोव्याला आला. दुसरा भाग घेऊन साधू १६२८ मध्ये जॉर्जियाला गेले आणि त्यांनी तो तेइमुराझच्या हवाली केला. त्याने तो अलावेर्दीच्या मोठ्या चर्चमध्ये ठेवला. आईच्या हौतात्म्यावर या मुलाने १६२५ मध्येच दीर्घकाव्य लिहिले होते. पुढे ही कथा युरोपभर गेली आणि आंद्रेआस ग्रिफियुस नावाच्या जर्मन कवीने तिच्यावर शोकनाट्यही रचले.

साधूंनी हे सारे निव्वळ भक्तीने केले असे म्हणता येणार नाही. त्यांना जॉर्जियात आपले मिशन उघडायचे होते. राणी ऑर्थोडॉक्स, साधू कॅथलिक. पण आईच्या अस्थी घेऊन येणाऱ्याला कोणता मुलगा दारातून परत पाठवील? त्यांना जागा मिळाली. भक्ती आणि राजकारण हे एकाच दोऱ्याचे दोन पदर असतात. ते उलगडून वेगळे करायला गेले की दोराच तुटतो.

आपल्याकडच्या हिंदू वाचकांना अस्थी जपण्याची ही कल्पना जरा विचित्र वाटेल. आपण अस्थी नदीत सोडतो, मोकळे होतो. पण बौद्धांनी हेच केले आहे. आपल्या नालासोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी खणला. त्यात एकात एक ठेवलेले करंडक निघाले आणि सर्वांत आतल्या करंडकात मातीच्या भांड्याचे बारीकसे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून कोणीतरी ते सोन्याच्या डबीत जपले होते! ज्याच्यावर श्रद्धा, त्याचे काहीतरी हाताशी असावे, ही माणसाची ओढ धर्म बघून येत नाही. आणि एक योगायोग पाहा. बॉम जेझुसमधल्या फ्रान्सिस झेवियरच्या शवाला उजवा हात नाही. १६१४ मध्ये तो कोपरापासून कापून रोमला पाठवला गेला. म्हणजे एका संताचा उजवा हात गोव्यातून बाहेर गेला आणि तेरा वर्षांनी एका राणीचा उजवा हात गोव्यात आला.

कादंबरीकाराला इथवरचा मसाला पुरेसा आहे. पण ही गोष्ट मी वाचत गेले तसा माझ्या मनात एक काटा रुतला. तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

१६२७ साली गोव्यात या राणीच्या अस्थी मानाने ठेवल्या गेल्या. का? तर जीव गेला तरी तिने आपला धर्म सोडला नाही म्हणून. आणि त्याच वेळी, त्याच शहरात, त्या टेकडीपासून हाकेच्या अंतरावर इन्क्विझिशनची कचेरी चालू होती. गोव्याचे इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले ते मधली तीन-चार वर्षे सोडता थेट १८१२ पर्यंत टिकले. ख्रिस्ती झालेल्या माणसाने घरात गुपचूप जुना देव पुजला, जुना सण केला, तर तो गुन्हा. ज्यू घराण्यातून ख्रिस्ती झालेल्यांवर तर विशेष नजर. त्यासाठी तुरुंग, मालमत्तेची जप्ती आणि काहींना जाळून मारणे. तिकडे धर्म न सोडणारी राणी हुतात्मा, आणि इकडे आपला जुना धर्म न सोडणारा कोकणी शेतकरी गुन्हेगार!

साधूंनी राणीच्या अस्थी लपवून शिराझबाहेर काढल्या. त्याच्या साठ-सत्तर वर्षे आधी गोव्यातल्या लोकांनी आपले देव असेच लपवून नेले होते. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला गेली. आमच्यातल्या कितीतरी घरांचे कुलदैवत नदी ओलांडून असे फोंडा महालात गेलेले आहे. आणि फोंडा तेव्हा कोणाच्या ताब्यात होता? विजापूरच्या आदिलशहाच्या. म्हणजे इराणात मुसलमान शाहाने ख्रिस्ती राणीला मारले, गोव्यात ख्रिस्ती राजवटीने हिंदूंची देवळे पाडली आणि त्या हिंदूंच्या देवांना आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या मुलखात. इतिहास शिकवताना मुलांना मी नेहमी सांगत असे, की चांगला पक्ष आणि वाईट पक्ष अशा दोन रांगा करून उभे राहायला इतिहास म्हणजे कवायतीचे मैदान नव्हे.

श्रद्धा न सोडणारा आपल्यातला असला की आपण त्याला हुतात्मा म्हणतो. परक्यातला असला की हट्टी म्हणतो. राणीच्या हाताने मला जर काही शिकवले असेल तर ते हेच.

असो. पुन्हा पेटीकडे येऊ.

पोर्तुगालमध्ये १८३४ साली धार्मिक पंथांचे मठ सरकारने बंद केले आणि १८३५ मध्ये गोव्याचे ऑगस्टिनियनही गेले. ओस पडलेल्या चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले. बुरुजातली मोठी घंटा आधी आग्वादच्या किल्ल्यावर गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या मेरी इमॅक्युलेट चर्चवर चढली. पणजीत ती पांढरीशुभ्र जिन्यांची इमारत पाहिली असेल, तिच्यावरची मोठी घंटा ती हीच. १९३१ मध्ये चर्चचा दर्शनी भाग आणि अर्धा बुरूज पडला. मठावर दगडमातीचे ढीग साचले, झाडे उगवली. पेटी त्याखाली कुठेतरी. तिकडे जॉर्जियातला अस्थींचा भागही अठराव्या शतकातल्या धामधुमीत हलवताना नदीत गमावला गेला. त्यामुळे जॉर्जियन लोकांचे सगळे लक्ष गोव्यावर लागले. तोवर त्यांच्या चर्चने राणीला संतपद दिलेले होते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस, जॉर्जिया अजून सोव्हिएत संघात होता तेव्हा, तिथून शोधपथके गोव्यात येऊ लागली. त्यांच्या हाताशी होती ती एक ओळ. ऑगस्टिनियनांच्या जुन्या पोर्तुगीज हस्तलिखितात कोणीतरी लिहून ठेवले होते, की मठाच्या सभागृहाला जोडलेल्या प्रार्थनागृहात, वेदीकडे तोंड केल्यावर उजव्या बाजूच्या दुसऱ्या खिडकीत एक काळ्या दगडाची पेटी आहे आणि तिच्यात राणीच्या अस्थी आहेत.

किती सरळ पत्ता! पण भिंतच उरली नाही तर दुसरी खिडकी कोणती? हे प्रार्थनागृह नेमके कुठले? ढिगारा उपसत, पाया मोकळा करत, जुने लेख आणि जागेवरच्या खुणा ताडून पाहत काम चालले. भारतीय पुरातत्त्व खात्याने ते अनेक वर्षे चिकाटीने केले. कादंबरीतला नायक एका रात्रीत तळघर गाठतो, इथे पंधरा-सोळा वर्षे गेली. २००४ मध्ये खिडकीची जागा नक्की झाली आणि तिथल्या परिसरात दगडी पेटीचे अवशेष आणि मानवी हाडे सापडली.

कादंबरी इथे संपली असती. पण मठ म्हटला की तिथे दफने आलीच. हे हाड राणीचेच, एखाद्या साधूचे नाही, हे कसे ठरवायचे? शाळेत मागच्या बाकावरून एक आवाज दरवर्षी यायचाच, "बाई, हे खरं कशावरून?" आळशी मुलाने विचारलेला असला तरी इतिहासातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच.

उत्तर शोधायचे काम हैदराबादच्या सीसीएमबी, म्हणजे पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्राकडे गेले. लालजी सिंह, के. थंगराज, नीरज राय आदी शास्त्रज्ञांनी हाडातला मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासला. हा डीएनए फक्त आईकडून मुलांना मिळतो. बापाचे त्यात काही नसते. गोत्र आपण बापाकडून मोजतो, निसर्गाने आईच्या बाजूचीही वंशावळ लिहून ठेवलेली आहे! एका हाडात त्यांना 'यू-१-बी' नावाचा गट मिळाला. भारतीय उपखंडातल्या सुमारे २२ हजार लोकांच्या नमुन्यांत हा गट एकातही नव्हता. जॉर्जियातून ३० नमुने घेतले, त्यातल्या दोघांत तो निघाला. २०१४ मध्ये 'मायटोकॉन्ड्रियन' या नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच शास्त्रज्ञांनी म्हटले आहे, की हा अवशेष बहुधा राणी केतेवानचा आहे.

बहुधा! मला हा शब्द फार आवडला. चारशे वर्षांपूर्वीची ओळ जुळली, खिडकी जुळली, पेटी जुळली, रक्ताचे नाते जुळले. तरीसुद्धा ही माणसे बहुधा म्हणतात. कारण तो गट केवळ राणीचा नाही, तिच्या प्रदेशातल्या इतरांतही असू शकतो, आणि तिची आईकडची वंशरेषा ताडून पाहायला आज कोणी हाताशी नाही. जेवढे कळले तेवढेच सांगायचे, त्यापुढे एक पाऊल टाकायचे नाही. आजकाल इतिहासावर छातीठोकपणे बोलणारे गल्लोगल्ली भेटतात. त्यांच्या तोंडून हा एक शब्द कधीतरी ऐकायला मिळावा असे फार वाटते.

जॉर्जियाच्या लोकांना मात्र बहुधा पुरेसे होते. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये भारताने हे अवशेष सहा महिन्यांसाठी तिकडे पाठवले. मुदत वाढवून ते वर्षभर तिथे राहिले, ठिकठिकाणी फिरले, लोकांनी त्यांचे दर्शन घेतले, आणि २०१८ मध्ये ते परत आले. मग १० जुलै २०२१ रोजी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसीमध्ये अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला कायमची भेट म्हणून दिला. एक भाग आपल्याकडे ठेवला. यातही परराष्ट्रनीती होतीच. १६२८ मध्ये साधूंची होती, २०२१ मध्ये आपल्या सरकारची. पण अशा भेटीत दोन देश जवळ येत असतील तर त्यात वाईट काय?

मला विशेष वाटते ते याचे, की या सोपस्कारात कोणी कोणाचा धर्म विचारला नाही. कॅथलिक साधूंनी आणलेला ऑर्थोडॉक्स राणीचा हात. तो शोधला आपल्या पुरातत्त्व खात्याने, आणि तिथल्या कामाची धुरा वाहणारे निजामुद्दीन ताहेर त्या डीएनए निबंधाचे एक लेखकही आहेत. तपासला वेगवेगळ्या गावच्या, वेगवेगळ्या घरांतल्या शास्त्रज्ञांनी. नेऊन दिला एका मोठ्या, बहुधर्मी देशाच्या मंत्र्याने. ज्या राणीला एका धर्माच्या नावाने मारले आणि दुसऱ्या पंथाने आपल्या कामासाठी मिरवले, तिला चारशे वर्षांनी घरी पोचवताना कोणी काही अट घातली नाही.

तेव्हा भाच्या-पुतण्यांनो, गोव्याला तुम्ही जाताच. समुद्र झाला, मासळी झाली की एक सकाळ त्या टेकडीसाठी राखून ठेवा. उन्हाच्या आधी जा. बुरुजाच्या पायथ्याशी जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांच्यावर पाय न देता चाला. आणि तसेच पुढे फोंड्याला जाऊन मंगेशीला किंवा शांतादुर्गेला नमस्कार करून या. ही दोन्ही ठिकाणे एकाच दिवसात पाहिली तर चारशे वर्षांपूर्वीचा गोवा थोडा जास्त कळेल. बहुधा.